कोरस आला तरी लय चढवायची नाही

जवळ ये गं पोरी. समोरासमोर तू सापडत नाहीस, तर निदान कागदावर तरी जवळ बस, आणि तो मोबाइल उलटा ठेव. मागच्या महिन्यात अंबरनाथला साखरपुड्याला आलीस, जेवलीस, फोटो काढलेस आणि तशीच ठाण्याला परत गेलीस. बदलापूर तिथून पुढचंच स्टेशन. आत्या काय परदेशात राहते का? तुझ्या आईला विचारलं तर म्हणाली, ती आमच्याशीही धड बोलत नाही. आणि हेही कळलं की तुझ्या वाजवायच्या तुंब्यांवर बेडशीट टाकलंय आणि वर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा ठेवतात. कपडे ठेवायला घरात कपाट नाही का?

कारणही कळलं. कुठल्याशा कार्यक्रमात सगळ्यांच्या देखत तुला कुणीतरी म्हणालं की तू पळतेस. म्हणजे वाजवता वाजवता लय वाढवतेस. तू घरी आलीस आणि तुंबे झाकून टाकलेस. झालं ते झालं, पण वेळ मोठी चुकीची निवडलीस. माझ्या बोटांचे सांधे आता धरतात. दिवाळीनंतर मी बँड सोडतेय, आणि आमच्या मास्तरांनी मला विचारलंय की तुझ्या जागी कुणाला बसवू. मी तुझं नाव घ्यायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ते बेडशीट आठवलं आणि गप्प बसले. त्यांना उत्तर तर द्यायचंय. त्याआधी तू हे सगळं वाच आणि मग काय ते ठरव. बाकी कुणी वाचणार असेल तर त्यांनीही वाचावं, माझी काही हरकत नाही. पण सांगतेय मी तुला.

लोक मला विचारतात, आजी, हे साल्सा-बिल्सा वाजवायला तुम्ही कुठे शिकलात. मी सांगते, बुवापाड्यात. ते हसतात. त्यांना वाटतं मी गंमत करतेय.

अंबरनाथच्या बुवापाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. तुझा बाप तेव्हा रांगत होता. आप्पा, म्हणजे तुझे आजोबा, कंपनीत कामाला आणि संध्याकाळी गायन पार्टीत. पेटी, ढोलकी, झांज, एक बेंजो आणि मागे कोरस धरायला चार-पाच जण, एवढी पार्टी. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले की महिनाभर आप्पा घरात फक्त आंघोळीला यायचे. ढोलकी त्यांची. ते कामावर गेले की मी ती खुंटीवरून काढायचे आणि बसायचे. आई स्वयंपाक करता करता ओरडायची, हळू, पुडीवरची शाई उडेल. मला कुणी शिकवलं नाही. मी आप्पांच्या मागे बसून त्यांचे खांदे बघायचे, बस्स. हात तर पाठमोऱ्या माणसाचे दिसत नाहीत, पण खांद्यावरून कळतं कुठला ठोका कुठे पडतोय.

मग पार्टीचा मुख्य गाणारा गाव सोडून गेला आणि आप्पांना गायला पुढे बसावं लागलं. ढोलकीला माणूस नव्हता. आप्पा म्हणाले, ही वाजवेल. मी तेव्हा शाळेत होते. आपल्याच वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं हरकत घेतली की मुलीच्या जातीनं ढोलकी मांडीत घ्यावी, हे काही बरं दिसत नाही. आप्पांनी ढोलकी उचलून त्याच्याच मांडीवर ठेवली आणि म्हणाले, मग तुम्ही घ्या काका. काका ढोलकी खाली ठेवून उठून गेले.

आता आमच्या पार्टीची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गाणं सुरू व्हायचं ते सावकाश. मध्ये थांबून आप्पा अर्थ सांगायचे, बाबासाहेबांच्या आयुष्यातला प्रसंग सांगायचे, पुन्हा कोरस यायचा. शेवटचं कडवं आलं की आप्पा मान न वळवता फक्त हनुवटी वर करायचे. म्हणजे, चढव. मग मी लय चढवायची. कोरस पुन्हा, पुन्हा, पुन्हा, दर वेळी थोडा पुढे, आणि शेवटी दुगणीत, म्हणजे दुप्पट वेगात. बसलेली माणसं उठायची, बायका पोरांना कडेवर घेऊन टाळ्या वाजवायच्या. ढोलकीवाल्यानं चढवलं नाही तर लोक तोंडावर विचारायचे, काय रे, जेवून आला नाहीस का. मला कधी कुणी विचारलं नाही. चढवावं तर आप्पांच्या पोरीनं, असं म्हणायचे. सांगायचं एवढंच, की मला आयुष्यात पहिलं कौतुक मिळालं ते लय पळवण्याचं.

त्या कौतुकावरच मला उल्हासनगरच्या ऑर्केस्ट्रात काम मिळालं. त्यांना साइड रिदमला माणूस हवा होता. साइड रिदम म्हणजे तबला-ढोलक सोडून बाकी सगळं, तुंबा, बोंगो, खंजिरी, मराकस. तुंबा मी तिथं पहिल्यांदा पाहिला. ते उंच, पोटाला फुगलेलं लाकडी भांडं, वर कातडं. बाहेरचे लोक त्याला कोंगा म्हणतात, आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी तुंबा करून टाकला. माझी उंची तुला माहीतच आहे. मी पाटावर उभी राहून वाजवायचे. सिंधी लग्नात घरच्या बायका लाडे म्हणायच्या, म्हणजे त्यांची लग्नाची गाणी, आणि आम्ही मागून साथ द्यायची. एकदा नवरीची आजी मध्येच उठून आली, माझा पंजा हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला आणि विचारलं, दुखता नहीं क्या? मी म्हटलं, दुखता है. तिनं माझ्या तोंडात मिठाईचा एवढा मोठा तुकडा कोंबला की पुढचं गाणं मी तो चघळतच वाजवलं.

लग्न झालं, मी बदलापूरला मांजर्लीत आले. आमच्या ह्यांना माझ्या वाजवण्याचं ना कौतुक ना तक्रार. दिवसा मी अंबरनाथच्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जायचे, लग्नसराईत ऑर्केस्ट्रा. आणि मग ऑक्टोपॅड आला. छोट्या बॅगेएवढी एक पेटी, वर रबराचे चौकोन, काडीनं वाजवायचे. तुंबा हवा तर तुंबा, खंजिरी हवी तर खंजिरी, सगळं त्याच्या पोटात. एक माणूस आणि एक पेटी. ऑर्केस्ट्रावाला वाईट माणूस नव्हता. म्हणाला, बाई, टेम्पोत जागा पुरत नाही. आणि ते दोन तुंबे मलाच देऊन टाकले, म्हणजे जागाही झाली आणि मीही उतरले.

तर तुंबे आमच्या घरी आले. पावसात नदीचं पाणी वर येतंय असं कळलं की मी आधी तुंबे माळ्यावर चढवायचे, मग टीव्ही. हे विचारायचे, माणसं कितव्या नंबरला? वर्षं गेली. सगळीकडे ऑक्टोपॅडच. बोलवायचं तर कुणी बोलवत नव्हतं, आणि हातानं तुंबा वाजवणारी मी एकटी बाई घरात स्वतःशीच वाजवून काय करणार? आठवड्यातून एकदा फडक्यानं पुसायचे, वर थाप मारून बघायचे, ठेवून द्यायचे.

अशात उल्हासनगरच्या शेठचा निरोप आला. शेठ म्हणजे फर्निचर बाजारातले सोफावाले, ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे, आताही आमच्याच बँडमध्ये आहेत. म्हणाले, अदी, हाताचा तुंबा पाहिजे, मशीनचा चालणार नाही. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. मी पोळ्या तशाच टाकून निघाले.

शेठच्या दुकानावर गोडाऊन होतं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले सोफे एकावर एक, मधल्या मोकळ्या जागेत त्यांचा नवा साल्सा बँड. शेठनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला, सोफे पे चाय मत गिराना, बाकी कुछ भी करो. पियानोवर मास्तर. घराणं मूळचं गोव्याचं, पण ते स्वतः अंबरनाथ पूर्वेत वाढलेले. कमी बोलायचे. मला म्हणाले, ऐका. आणि दोन लाकडी दांड्या एकमेकींवर आपटायला लागले. पाच ठोके. तीन इकडे, दोन तिकडे. ते पाच ठोके गाणं सुरू झालं की संपेपर्यंत तेच. कुणी वाजवो न वाजवो, सगळ्यांच्या डोक्यात तेच चालू पाहिजे, आणि प्रत्येकानं आपलं वाजवणं त्यात बसवायचं. मला ते लगेच कळलं असं नाही. पण हाताला आवडलं. मी माझे बोल तयार केले, ताग तिग ताग धुंधुं, ते शेवटचे दोन मोकळे. पोळ्या लाटताना, भांडी घासताना तेच. हे म्हणायचे, भांड्यांना तरी सोड.

चार-पाच गाणी बसली आणि पहिला कार्यक्रम ठरला, अंबरनाथ पूर्वेच्या एका हॉलमध्ये. साल्सा शिकवणाऱ्या एका मॅडमच्या क्लासचा. तेव्हा असे क्लास नवेनवे निघाले होते. मॅडम आपल्यातलीच मुलगी, केस कापलेले, उंच टाचांचे बूट. तिची नाचणारी पोरं-पोरी जोडीनं उभी, मागे आईबाप खुर्च्यांवर. मी बुवापाड्यातून आपल्या माणसांना बोलावलं होतं. तुझा बाप होता, आप्पा होते, पार्टीतली दोन म्हातारी माणसं होती.

पहिली गाणी नीट गेली. शेवटच्या गाण्यात मात्र काय असतं, की अर्ध्यानंतर गाणारा एक ओळ म्हणतो आणि बाकीचे एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतात. उत्तर दिल्यासारखं. सरावात ते थोडंसंच करायचो. त्या दिवशी लोकांचा रंग बघून गाणाऱ्यानं ते लांबवलं. कोरस एकदा आला, दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला, आणि पोरी, माझ्या हातांना ओळख पटली. त्यांना वाटलं, हे तर आपलंच. शेवटचं कडवं. कुणी हनुवटी वर केली नव्हती, पण मी चढवलं.

तुंब्याचा आवाज मोठा. तो पुढे गेला की बाकीच्यांना मागे राहता येत नाही. शेठ आले मागून, मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, पण तेही आले. नाचणाऱ्यांना आधी मजा वाटली. मग त्यांचे पाय गुंतायला लागले. एक जोडी बाजूला झाली, दुसरी झाली, मॅडम एकट्या राहिल्या त्यांच्या जोडीदाराबरोबर, आणि एका गिरकीत त्यांचा पाय मुरगळला आणि त्या तिथंच खाली बसल्या. आम्ही दणक्यात गाणं संपवलं. आणि मागून काय टाळ्या. बुवापाड्याची माणसं उभी राहिलेली, तुझा बाप शिट्ट्या मारतोय. मला वाटलं, जिंकलं. मॅडम पडल्या ते बुटांमुळे, असं मी धरून चालले.

सामान गुंडाळताना मास्तर आले. ते रागावले नव्हते, हेच जास्त लागलं. म्हणाले, "बाई, ही लय तुमची नव्हती. नाचणाऱ्यांची होती. तुम्ही त्यांच्या पायातून काढून घेतली."

मी म्हटलं, लोक तर उभे राहिले.

ते म्हणाले, हो, पण नाचणारे खाली बसले.

मग पुढचं सांगितलं. मुंबईच्या एका हॉटेलात दर आठवड्याला वाजवायचं काम येत होतं. तिथं लोक नाचायलाच येणार. तोवर माझ्या हातात लय राहिली तर मी, नाहीतर मुंबईचाच एक तुंबेवाला त्यांनी बघून ठेवला होता. एवढं बोलून त्यांनी मला तुंबा उचलायला हात लावला. मी नको म्हटलं.

मी घरी येऊन तुंबे पुसून ठेवले. पण मला चांगलं कळत होतं की ही जागा गेली तर दुसरी नाही. दुनियेत सगळीकडे ती पेटी होती. हातानं तुंबा वाजवायला माणूस लागतो असं एकच ठिकाण उरलं होतं, आणि तिथून मला माझ्याच चांगल्या गुणासाठी काढत होते. आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, चढवलं नाही तर गाणं संपलं हे कळणार कसं? त्यांचंही बरोबर होतं.

मास्तरांनी टिकटिक करणारं एक यंत्र दिलं. त्याच्याबरोबर मी अगदी बरोबर वाजवायचे. बंद केलं की कोरसच्या जागेवर पुन्हा पळायचे. कारण यंत्र गात नव्हतं. मला पळवायचा तो कोरस, आणि टिकटिकीत कोरस नाही.

यावरचा उपाय मला कंपनीत पट्ट्यावर सुचला. आमच्याकडे गोळ्यांची पाकिटं पट्ट्यावरून यायची, आपण उचलून खोक्यात भरायची. पट्टा आपल्या वेगानं चालतो. तू घाई केलीस तर पाकीट यायची वाट बघत बसायचं, तू रेंगाळलीस तर ढीग पडतो आणि सुपरवायझर येतो. माझ्या समोर एक आगरी बाई उभी असायची, इथल्याच गावची, गळा असा की चार मशिनींच्या वर ऐकू यावा. तिला लग्नातल्या धवल्यांपासून सिनेमाच्या गाण्यांपर्यंत सगळं यायचं. मी तिला म्हटलं, तू गा आणि बाकीच्यांना कोरस धरायला लाव, आणि जेवढं चढवता येईल तेवढं चढवा. मी पट्टा सोडणार नाही.

ती म्हणाली, "तुला काय झालाय गो बाय? डॉक्टर बदलतेस का?"

पण गायली. आणि कशी गायली. पहिल्या दिवशी कोरस वर गेला आणि माझे हात रिकाम्या पट्ट्यावर आपटायला लागले, पाकीट अजून यायचं होतं. बायका खिदळल्या. मग त्यांचा तो खेळच झाला. जेवणाच्या सुट्टीनंतर रोज. मला पळवायला त्या जयंतीची गाणी म्हणायच्या, हळदीची म्हणायच्या, एक तर डोळा मारायची. मी तोंडानं त्यांच्याबरोबर गायचे आणि हात पट्ट्याबरोबर ठेवायचे. गाणं वर चाललंय आणि हात जिथल्या तिथे. आधी डोकं दुखायचं. मग एक दिवस कळलं की दुखत नाहीये. समोरची गाणं अर्धवट टाकून म्हणाली, "जा गो, तुला पलवून पलवून आमचा घसा बसला." सुपरवायझरला वाटायचं आम्हाला काम फार आवडतं.

मग सोफ्याच्या गोडाऊनमध्ये ठरलेला दिवस आला. मुंबईचा तुंबेवालाही आला होता. गुळगुळीत चकचकीत तुंबे, माणूस नम्र, मला ताई म्हणाला. प्लॅस्टिकच्या सोफ्यावर बसला की आवाज व्हायचा म्हणून बिचारा न हलता बसला. आणि मास्तरांनी त्या डान्सवाल्या मॅडमनाही बोलावलं होतं. पाय बरा झाला होता. मला बघून त्या शेठना म्हणाल्या, यांच्या वाजवण्यावर नाचायचं? हळू म्हणाल्या, पण मला ऐकू यावं इतकंच हळू. शेठ म्हणाले, मॅडम, पडलात तर सोफा आहे. 

आम्ही तेच गाणं घेतलं. मास्तरांनी गाणाऱ्याला खुणावलं, कोरस थांबवू नकोस. मी डोळे मॅडमच्या पायांवर ठेवले आणि डोक्यात पट्टा चालू केला. कोरस आला, पुन्हा आला, किती वेळा आला देव जाणे. माझी लय हलली नाही जागची. मॅडम शेवटपर्यंत नाचल्या, थांबल्या, पाणी प्यायल्या. मला वाटलं, झालं.

त्या मास्तरांना म्हणाल्या, "लय बरोबर होती. पण मला कधी एकदा संपतंय असं झालं होतं."

पोरी, मी पहिल्यांदा पळवलं होतं म्हणून पडले, आणि आता धरून ठेवलं म्हणूनही पडत होते. मी मास्तरांना विचारलं, मग चढवायचं कसं? चढवायचंही आणि पळायचंही नाही, हे कसं?

मास्तर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. म्हणाले, "वेग सोडून सगळं चढवा. आणि सगळं भरायचं नाही. काही ठोके त्यांच्यासाठी सोडा."

एवढंच. समजावून सांगायची त्यांना सवयच नव्हती. ते परत पियानोवर जाऊन बसले आणि सुरूच केलं, मला विचार करायला वेळ न देता. बरं झालं दिला नाही. कोरस सुरू झाला. पहिल्यांदा मी साधं वाजवलं. दुसऱ्यांदा थाप जरा कडक केली. तिसऱ्यांदा हातांना पळायची इच्छा झाली, आणि मी काय केलं तर एक ठोका गिळला. जिथं धुंधुं यायचं तिथं एकच धुं वाजवला आणि दुसरा वाजवलाच नाही. त्या रिकाम्या जागेत मॅडमची टाच पडली, टक. त्यांनी वर बघितलं. मी पुन्हा एक सोडला, दुसरीकडे. त्या तिथंही सापडल्या. मग आमचं असं सुरू झालं, की मी कुठे सोडणार ते त्यांना ओळखायचं आणि त्या कुठे पाय टाकणार ते मला. शेठ आपली गिटार सांभाळत हो अदी, हो अदी करायला लागले. लय जिथल्या तिथे होती. बाकी सगळं चढलं होतं. मुंबईचा तो माणूस इतका वेळ न हलता बसलेला, त्याचाही गुडघा हलायला लागला आणि सोफा वाजायला लागला.

गाणं थांबलं. मॅडम बुटाचा पट्टा घट्ट करत मास्तरांना म्हणाल्या, "पुन्हा घ्या ना एकदा."

मास्तर मुंबईच्या माणसाकडे वळले, पण त्यानं आधीच तुंब्यांवर खोळ चढवायला घेतली होती. मला म्हणाला, ताई, ते सोडण्याचं मला कधीतरी दाखवा. नंतर तो दोन-तीनदा आमच्याकडे येऊन जेवूनही गेला. मला कुणी तुम्ही पास झालात वगैरे म्हणालं नाही. मास्तरांनी फक्त विचारलं, हॉटेलात काळे कपडे चालतील का. मी म्हटलं, मला काळा रंग शोभत नाही. ते म्हणाले, बँडला शोभतो.

तेव्हापासून त्या जागेवर मीच आहे. मुंबईची हॉटेलं झाली, पुणं झालं, गोव्यालाही गेले. परदेशातले लोक येऊन विचारून जातात, मी त्यांना बुवापाडा समजावत बसत नाही. जॅझवाल्यांबरोबरही वाजवलं. तिथं लोक बसून ऐकतात आणि नाचणारं कुणी नसतं, तर मी एखादा माणूस हेरून ठेवते ज्याचा पाय हलतोय, आणि त्याच्यासाठी ठोके सोडते. आणि एप्रिलमध्ये अजून बुवापाड्यात जाते. आप्पा गेले, पार्टीत आता नवी पोरं आहेत, शेवटचं कडवं आलं की माझ्याकडे बघतात. तिथं मी मनसोक्त चढवते. तिथं ते चढवायचंच असतं. आमचे हे एकदा मास्तरांना घेऊन आले होते तिथं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, शेवटी टाळ्या वाजवायला उठून उभे राहिले, आणि घरी जाताना म्हणाले, बरं झालं हे मी आधी ऐकलं नव्हतं, नाहीतर मी तुम्हाला थांबवलंच नसतं.

आता तुझं. तू पळतेस असं म्हणालेत ना? मग पळत असशील. मला त्यात नवल काहीच नाही. तू लहान असताना माझ्या मांडीवर बसून तुझ्या आजोबांचा कोरस धरायचीस, शेवटच्या कडव्याला मांडीवरच उड्या मारायचीस. तुझ्या हातांनाही तीच ओळख आहे. ज्यानं सांगितलं त्यानं कसं सांगितलं ते मला माहीत नाही, त्याला तोंड सांभाळून बोलायला शिकवायला हवं असेल. पण बोलला ते खोटं नसेल, आणि ते दुरुस्त होतं. तुला पट्टा सापडणार नाही, ऑफिसात संगणकासमोर बसतेस. तुला तुझं दुसरं काहीतरी शोधावं लागेल. ते मी कागदावर सांगू शकत नाही. समोर बसून, तू वाजवताना, मी शेजारी बसून मुद्दाम कोरस चढवत बघितलं तरच कळेल तुझे हात कुठे सुटतात. मुंबईच्या त्या तुंबेवाल्या भाऊंचंही नाव माझ्या डोक्यात आहे, ते चांगलंच वाजवतात. तुला नको असेल तर सरळ नको म्हण, मी रुसणार नाही. पण बेडशीट टाकून गप्प बसणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे. ते मी धरणार नाही.

मास्तरांना मी पुढच्या रविवारपर्यंत थांबा म्हटलंय. सराव अजून शेठच्या गोडाऊनमध्येच होतो. तुझे तुंबे आणायची गरज नाही, माझे आहेत. नदी सध्या खाली आहे, घरात पाणीबिणी काही नाही. बदलापूरला पश्चिमेला उतर, रिक्षावाल्याला मांजर्ली सांग, आमच्या ह्यांना फोन केलास तर ते स्कूटर घेऊन येतील, फक्त हेल्मेट नाही म्हणून कुरकुरू नकोस. सुकट आणून ठेवलीय, तांदळाच्या भाकरी करते. शनिवारी ये आणि राहायलाच ये. आणि शनिवारी जमत नसेल तर शुक्रवारी ये.